‘एसजीपीटी नॉर्मल आहे ना?’

३ जुलै २०२५, गुरुवार

आवणी सुरू झाल्यापासून सकाळी लॅबचा बाक रिकामाच असतो. माणसं येतात ती दुपारी, पाय चिखलाने भरलेले, प्लास्टिकचं घोंगतं दाराबाहेर टाकून. येतात आणि विचारतात, “ताई, एसजीपीटी करायची किती?”

यंदाच्या उन्हाळ्यात राजूरला दूषित पाण्याने काविळीची साथ आली, तेव्हापासून यकृताच्या तपासणीचा हा शब्द गावात तोंडपाठ झाला आहे. आधी कावीळ झाली की लोक ‘उतरवायला’ जायचे. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळायचा, चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. निरोग्याचे हात धुतले तरी ते पाणी पिवळंच होतं. तिथून एसजीपीटीपर्यंत आलो ही प्रगतीच. पण आता एसजीपीटीलाच निवळीचं पाणी केलंय. आकडा उतरला की आजार उतरला.

पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. एसजीपीटी हजारावर जाते, काही आठवड्यांत खाली येते, बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. गरोदर बाईला मात्र ई जिवावर बेतू शकते. १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यातून अशीच मोठी साथ आली होती आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केला होता. बी आणि सी यांची गोष्ट वेगळी. त्या रक्तातून येतात, वर्षानुवर्षं मुक्काम करतात, आणि डोळे पिवळे होईपर्यंत बहुतेकदा काही कळूच देत नाहीत.

९ जुलै, बुधवार

शेंडीकडचे एक तात्या. वय ५८, मधुमेह बरीच वर्षं. साथीत घरातली दोन मुलं आजारी पडली म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांच्याच तपासण्या लिहून दिल्या, तेव्हा यांची हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाली. आज संगमनेरहून बाकीचा रिपोर्ट आला. मुलगा कागद हातात घेऊन म्हणाला, “एसजीपीटी छत्तीस. नॉर्मल आहे ना ताई? मग काय टेन्शन नाही.”

मी रक्त काढणारी. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट मॅडमची, औषध डॉक्टरांचं. त्यामुळे मी “डॉक्टरांना दाखवा” एवढंच म्हटलं. पण कागद परत घेऊन एकदा नीट वाचला. एसजीपीटी ३६, पुढे काही खूण नाही. एसजीओटी ४९, पुढे एक चांदणी. दुसऱ्या पानावर प्लेटलेट १ लाख ४२ हजार, तिथेही एक चांदणी. दोन्ही आकडे इतके थोडे इकडेतिकडे की कुणी दुसऱ्यांदा पाहू नये. वय सगळ्यात वर, नावाशेजारी. म्हणजे चार आकडे चार ठिकाणी, आणि ज्याच्याकडे सगळे पाहतात तोच तेवढा बिनचांदणीचा.

रात्री वहीत गणित मांडलं. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. ५८ गुणिले ४९ म्हणजे २८४२. ३६चं वर्गमूळ ६, त्याला १४२ने गुणलं की ८५२. भागाकार ३.३४. याला फिब-४ म्हणतात. २००६ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी हे गणित बसवलं गेलं. त्यात १.४५च्या खाली असेल तर यकृतात फार वण नसावेत आणि ३.२५च्या वर असेल तर बरेच असावेत, अशी रेघ आखली होती. मधला पट्टा संशयाचा. तात्या रेघेच्या वर आहेत.

११ जुलै, शुक्रवार

मॅडमना फोन केला. त्या चिडतील असं वाटलं होतं, उलट खूश झाल्या. म्हणाल्या, “छत्तीसला नॉर्मल म्हणतंय कोण? आपला कागद.” जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये हिपॅटायटिस बीची नवी मार्गदर्शिका काढली, त्यात एसजीपीटीची वरची मर्यादा पुरुषांना ३० आणि बायकांना १९ धरली आहे. आपल्याकडची यंत्रं आणि रसायनांच्या खोक्यातली पत्रकं अजून ४०-४५ छापतात.

मी विचारलं, यकृत खराब होत असेल तर एसजीपीटी वाढायला नको का? त्यांनी सांगितलं ते इथे लिहून ठेवते. एसजीपीटी ही पेशी फुटल्याची खबर आहे. आज किती पेशी फुटल्या, एवढंच ती सांगते. आजवर किती फुटल्या आणि त्यांच्या जागी किती वण धरला, हे तिला माहीत नाही. उलट वण वाढत गेले की फुटायला पेशीच कमी उरतात आणि एसजीपीटी गुपचूप खाली येते. एसजीओटी मात्र त्या मानाने वर राहते. वणांमुळे यकृतातून रक्त पुढे सरकेना की पाणथरी तुंबून मोठी होते आणि प्लेटलेट स्वतःकडे अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट तयार करायला सांगणारं संप्रेरक यकृतच बनवतं, तेही कमी पडतं. म्हणून प्लेटलेट हळूहळू उतरतात. दोन लाख, पावणेदोन, दीड. दर वेळी ‘नॉर्मलमध्येच’ किंवा ‘थोड्या कमी’.

आणि मधुमेह? तो या सगळ्याला घाई करतो. यकृतात चरबी साठवतो, वण धरायला मदत करतो. बी किंवा सी असलेल्या माणसाला मधुमेहही असेल तर सिऱ्होसिस आणि यकृताचा कर्करोग दोन्हींचा धोका वाढतो. म्हणूनच त्या नव्या मार्गदर्शिकेत बीबरोबर मधुमेह असेल तर एसजीपीटीकडे किंवा विषाणूच्या मोजणीकडे न पाहताही उपचार सुरू करावेत, असं म्हटलं आहे.

तात्यांच्या मुलाला फोन करून डॉक्टरांकडे लवकर जायला सांगितलं. तो म्हणाला, “आवणी उरकली की जातो.” आवणी कोणासाठी थांबत नाही हे मलाही माहीत आहे. पण त्याला म्हटलं, कागदाच्या दुसऱ्या पानावर पेनाने गोल करून आण, प्लेटलेटवर.

२८ जुलै, सोमवार

आज जागतिक हिपॅटायटिस दिन. ही तारीख बारूख ब्लूमबर्ग यांच्या जन्मदिवसाची. ते १९२५ साली जन्मले, म्हणजे आज बरोबर शंभर वर्षं. त्यांना हिपॅटायटिस बी सापडला तो वेगळंच काही शोधताना. वेगवेगळ्या लोकसमूहांच्या रक्तात काय फरक असतो, हे पाहायला त्यांनी जगभरातून नमुने जमवले होते. अमेरिकेतल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं रक्त ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी जुळवून पाहताना एक अनोळखी प्रथिन दिसलं. त्याला नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. आपण बीच्या तपासणीच्या कार्डावर दोन रेघा येतात का पाहतो ते हेच. ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. ज्याच्या रक्तात ते सापडलं त्या आदिवासी माणसाचं नाव मी कुठे वाचलेलं नाही. इथे महादेव कोळी, ठाकर माणसांच्या दंडाला रोज पट्टा बांधते, म्हणून हे मनात आलं असेल.

सरकारचा राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २०१८ मध्ये याच तारखेला सुरू झाला. बी आणि सीची तपासणी आणि गोळ्या त्यात फुकट आहेत. हे गावात किती जणांना माहीत आहे? आज बाकावर बसलेल्यांना विचारलं, एकालाही नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

कोहण्याच्या आत्या. वय ६३, हिपॅटायटिस सी. पहिल्या बाळंतपणात, १९८४च्या सुमारास, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या काळी सी साठी रक्त तपासणं शक्यच नव्हतं, विषाणूच १९८९ साली सापडला. चाळीस वर्षं हा पाहुणा घरात होता आणि आत्या शेतात राबत होत्या. मधुमेह दहा-बारा वर्षांपूर्वी कळला. सीचा विषाणू स्वतःच इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतो, त्यामुळे सीच्या रुग्णांत मधुमेह जास्त दिसतो. आत्यांचा मधुमेह गोड खाण्याने आला असं घरात सगळे अजून म्हणतात.

सिऱ्होसिस आहे, पण अजून पोटात पाणी नाही. कार्यक्रमातून सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिरच्या गोळ्या मिळाल्या, बारा आठवड्यांच्या. डबी दाखवायला आणली होती. रोज एक.

आज त्यांचा एचबीएवनसी आला ५.८. आत्यांना साखरेचा एवढा छान आकडा कधी मिळाला नव्हता. पण जेवणानंतरची साखर २६८. दोन्ही खरं कसं? फ्लोराइड बल्बमधलं रक्त मीच पाठवलं होतं, त्यात घोळ नाही. हिमोग्लोबिन पाहिलं, ९.२. सोनोग्राफीत पाणथरी मोठी. मग उलगडा झाला. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि त्या काळात तिला किती साखर चिकटली हे एचबीएवनसी मोजतो. पाणथरी मोठी असली की पेशी लवकर मरतात, तरुण पेशींना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. सिऱ्होसिस असलेल्या मधुमेहीच्या बाबतीत एचबीएवनसीवर डोळे झाकून विसंबू नये. बोटातून काढलेल्या साखरेची वही ठेवावी, वेळ लिहून.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज वही शिकवणीला लागली. बाजारपेठेतला एक दुकानदार, वय ४४, मधुमेह आहे. माझ्याकडून फिब-४बद्दल ऐकून गेला होता. तापात तपासणी केली आणि स्वतःच मोबाइलवर गणित करून धावत आला. “ताई, बारा आलंय. माझं लिव्हर गेलं का?” प्लेटलेट ६२ हजार, एसजीओटी १८०, एसजीपीटी ११०. शेजारी डेंग्यूची तपासणी, पॉझिटिव्ह.

डेंग्यूत प्लेटलेट पडतात, एसजीओटी चढते, दोन्ही फिब-४ला फुगवतात. हे गणित तापात करायचं नाही. ताज्या काविळीत करायचं नाही, म्हणजे उन्हाळ्यातल्या साथीत ज्यांची एसजीपीटी हजारावर होती त्यांना तर नाहीच. पस्तिशीच्या आतल्यांना ते नीट लागू पडत नाही. पासष्टीच्या पुढे वयच आकडा वाढवतं, म्हणून तिथे खालची रेघ २वर नेतात. चरबीच्या यकृतासाठी रेघा निराळ्या, १.३ आणि २.६७. अमेरिकेतली मधुमेह संघटना टाइप २च्या सगळ्या रुग्णांना, एसजीपीटी नॉर्मल असली तरी, या गणितातून पाहायला सांगते. चाळणी म्हणून ते चांगलं आहे. निकाल म्हणून नाही.

आणि एक आमच्या बाजूचं. घाईने सुई ओढली, रक्त फेसाळलं, लाल पेशी फुटल्या, तर पेशीतली एसजीओटी सिरममध्ये उतरते. ईडीटीए बल्ब हलक्या हाताने उलटासुलटा केला नाही तर प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्यांना मोजतच नाही. म्हणजे निष्काळजी तंत्रज्ञ पाच मिनिटांत कुणालाही सिऱ्होसिस देऊ शकते. कमी प्लेटलेट आल्या की काचेवर स्मिअर पाहा, असं मॅडम कायम बजावतात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

लॅब अर्धा दिवस. बैलांची शिंगं रंगवून पोरं दारावरून नेतायत, डांगी बैल भिजून चकाकतायत.

सकाळी शेजारच्या गावात मोफत शुगर तपासणीचं शिबिर होतं. मंडप, फ्लेक्स, चहा. बोट टोचायचं पेन एकच, सुई मात्र बदलतायत म्हणे. टेबलाजवळ जाऊन पाहिलं तर पेनाच्या टोपणाला आतून वाळलेल्या रक्ताचा ठिपका. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. मी आयोजकांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, एवढं कोण बघतं.” मग एकदाच वापरायच्या लॅन्सेटचं खोकं माझ्याकडून नेलं, हेही खरं.

मधुमेही माणसाचं बोट वर्षभर टोचलं जातं, घरी, शिबिरात, दवाखान्यात. हेच त्याच्यापर्यंत बी पोचण्याची वाट होऊ शकतं. अमेरिकेत २०११ मध्ये साठीच्या आतल्या मधुमेहींना बीची लस द्यायला सांगितलं, त्याचं एक कारण हेच, एकाच साधनाने अनेकांची बोटं टोचल्यामुळे झालेल्या लागणी. आपल्याकडे २००९ साली गुजरातेत मोडासा भागात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांमुळे बीची साथ आली आणि बरीच माणसं दगावली. शिबिरं करा, पण सुईही नवी आणि पेनही ज्याचं त्याला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आत्यांचा मुलगा पहाटे साडेपाचला फोनवर. आईला घाम, हातपाय थरथरतायत, उलटसुलट बोलतेय. मधुमेहाची गोळी चालू आहे का विचारलं, आहे. साखर मोजा म्हटलं, ५८ निघाली. शुद्धीवर होत्या, म्हणून गूळपाणी द्यायला सांगितलं आणि डॉक्टरांना जोडून दिलं.

दोन गोष्टी एकावर एक आल्या. विषाणू मरायला लागला की इन्शुलिन पुन्हा काम करू लागतं, साखर आपोआप उतरते, आणि गोळीचा डोस मात्र जुनाच राहतो. सीवरच्या या औषधांच्या बाबतीत मधुमेहींची साखर खाली जाऊ शकते असा इशाराच दिलेला आहे. दुसरं, रात्रभर साखर पुरवायचं काम यकृताचं, आणि वण धरलेल्या यकृताची कोठी छोटी. म्हणून यकृताच्या रुग्णाने रात्री उपाशी झोपायचं नाही. आत्या चतुर्मास पाळतात, दिवसातून एकदाच जेवतात. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि झोपताना दूध-भाकरी लिहून दिली, खरोखर चिठ्ठीवर लिहून. तोंडी सांगितलं असतं तर आत्यांनी मानलं नसतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मधुमेह दिन. तात्या आले. नाशिकला फायब्रोस्कॅन झाला, आकडा १३.८. म्हणजे यकृत चांगलंच कडक आहे. वहीतल्या ३.३४ने दिशा बरोबर दाखवली होती. टेनोफोव्हिरची गोळी जुलैअखेरपासून सुरू आहे, तीही फुकट. ती रोज घ्यायची, डॉक्टर सांगेपर्यंत सोडायची नाही. मध्येच सोडली तर विषाणू उसळी मारतो.

नवा रिपोर्ट: एसजीओटी ३८, एसजीपीटी २८, प्लेटलेट १ लाख ४६ हजार. फिब-४ आता २.८५. मुलगा हरखला. त्याला म्हटलं, थांब. गोळीने जळजळ कमी झाली म्हणून एसजीओटी उतरली आणि आकडा घसरला. वण इतक्या लवकर पुसले जात नाहीत. औषध सुरू असताना फिब-४ उतरणं चांगलंच, पण त्यावरून तपासण्या बंद करायच्या नाहीत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, यकृतात गाठ धरत नाही ना हे पाहायला. अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि पीटी-आयएनआर हे यकृत अजून काम किती करतंय ते सांगतात. तात्यांचं अल्ब्युमिन ३.९, आयएनआर १.१. हे मात्र मनापासून आनंदाने सांगितलं.

घरातल्या बाकीच्यांची बी तपासणी झाली. सगळे निगेटिव्ह, लसीचे डोस सुरू आहेत. आणि पाणी उकळून प्या, हे बजावलं. अशा यकृतावर पाण्यातली कावीळ आली तर ती साधी राहत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आत्यांच्या गोळ्या ऑक्टोबरअखेर संपल्या. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी विषाणूची मोजणी करायची, त्यात काही सापडलं नाही तरच सी गेला म्हणायचं. ती जानेवारीअखेर आहे. सिऱ्होसिस झालेला असल्याने सी गेल्यावरही त्यांची सहामाही सोनोग्राफी आणि एएफपी सुटणार नाही. हे त्यांना आत्ताच सांगून ठेवलं, म्हणजे जानेवारीत ‘बरी झाले’ म्हणून फाइल चुलीत जाणार नाही.

मॅडमशी बोलून एक बदल करून घेतला. आमच्या रिपोर्टवर आता यकृताच्या तपासणीखाली एक ओळ छापली जाते, फिब-४ची. सॉफ्टवेअरला चारही आकडे आधीच माहीत असतात, खर्च शून्य. शेजारी बारीक अक्षरात: ‘ताप किंवा ताजी कावीळ असल्यास ग्राह्य धरू नये.’

अकोले, संगमनेर, जुन्नर, इगतपुरी, जिथे कुठे छोट्या लॅब आहेत, त्यांना माझं सांगणं आहे की ही ओळ तुम्हीही छापा. आणि ज्यांच्या घरी मधुमेहासोबत बी किंवा सी आहे त्यांनी जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. एसजीपीटी पाहून झाली की पान उलटून प्लेटलेट बघा, आणि मागच्या वर्षी किती होत्या ते डॉक्टरांना विचारा.